इटलीची गाडी आणि थोरले बाबा

इटालियन गाडी घ्यावी का, असा सल्ला माझ्याकडे मागायला फारसं कोणी येत नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या बाईला लोक मुदत ठेवींबद्दल विचारतात. पण मागच्या महिन्यात माझ्या भाच्याने मोबाइलवर एका लांबट, चपट्या गाडीचा फोटो दाखवला आणि म्हणाला, मावशी, काय दिसते ना. मी म्हटलं, दिसणारच, दिसण्यासाठीच बनवलेली असते ती. तो हसला. मावशीला गाड्यांमधलं काय कळतंय, असं त्याच्या हसण्यात होतं आणि मला रागच आला. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या गल्लीत अशी एक इटालियन गाडी काही वर्षं उभी होती. त्यातला निम्मा वेळ ती खरोखर नुसती उभीच होती.

कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे आली तेव्हाच ती म्हातारी होती, आणि म्हाताऱ्या माणसाच्या दुखण्यांवरून त्याच्या घराण्याला नावं ठेवणं बरं नव्हे.

बाबा उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात फिटर होते. शेठने ही गाडी मुंबईत कुठल्याशा परदेशी वकिलातीच्या लिलावात आपल्या मुलासाठी घेतली होती. मुलगा तिच्यातून उल्हासनगरच्या कॅम्पात फिरला, मिरवला, आणि एका पावसाळ्यात कंटाळला. मग गाडी कारखान्याच्या मागे, रंगाच्या पिंपांशेजारी ताडपत्रीखाली जाऊन बसली. जेवणाच्या सुट्टीत बाबा ताडपत्रीचं एक टोक उचलायचे, बघायचे आणि परत झाकायचे. शेठने ते पाहिलं. बाबांनी विचारायचा धीर करेपर्यंत त्यानेच विषय काढला आणि जवळजवळ भंगाराच्या भावात ती बाबांच्या गळ्यात मारली. म्हणाला, "देखने का मजा हमने ले लिया, साईं. अभी रखने का मजा तू ले." बाबांना यातली मेख कळली नाही. घरी येऊन त्यांनी हे वाक्य शेठच्या मोठ्या मनाचा पुरावा म्हणून आम्हाला सांगितलं.

ऐंशीचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. मी कॉलेजात होते. गल्लीत गाडी आली त्या संध्याकाळी माणसं दुधाची पातेली हातात घेऊन थांबली. काय सुंदर होती ती! रंग पिकल्या जांभळाचा. पुढचं नाक खाली झुकलेलं, मागची काच उतरती, आणि दोन्हींच्या मधली रेघ कुणी एकाच दमात ओढल्यासारखी. स्टिअरिंग लाकडाचं, हात लावला की गुळगुळीत. समोरच्या घड्याळांवर इटालियन शब्द होते. पाण्याच्या काट्यापाशी 'आक्वा' लिहिलेलं होतं. आईचा पारा चढू लागला की बाबा आम्हाला हळूच सांगायचे, आक्वा वर गेलं, जरा बाहेर जाऊन या.

आणि आईचा पारा चढायला गाडी रोज कारण पुरवायची. पावसाळी हवेत वायपर लावला की हॉर्न वाजायचा. मागच्या सीटखालचा पत्रा गंजून रस्ता दिसू लागला, तेव्हा बाबांनी कारखान्यातल्या डब्याचा पत्रा कापून तिथे ठोकला. एखादा सुटा भाग गेला की तो इटलीत मिळणार. मग बाबा तो घेऊन उल्हासनगरच्या लेथवाल्यांकडे जायचे आणि तसाच दुसरा करवून आणायचे. शेवटी शेवटी तिच्यात इटली किती उरली होती आणि उल्हासनगर किती, हे सांगणं कठीण होतं. गाडी इतकी बुटकी की पालेगावच्या बाजूला गतिरोधक आला की आम्ही सगळे उतरायचो, बाबा एकटे तिला अलगद पलीकडे न्यायचे, आणि आम्ही परत बसायचो. लोक थांबून बघायचे. आम्हाला वाटायचं कौतुकाने बघतात.

तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं. त्यामुळे पुढचा ट्रक ओलांडायचा तर समोरून काय येतंय ते बाबांना दिसायचंच नाही, उजवीकडे बसलेल्या आईला दिसायचं. आई पदर खोचून, मान बाहेर काढून सांगायची, थांबा, थांबा, आता जा. एखाद्या दिवशी दोघांचं बिनसलेलं असलं की ती तोंड मिटून बसायची आणि आम्ही बदलापूरपर्यंत खडीच्या ट्रकमागे धूळ खात जायचो. बाबाही एकदा म्हणून विचारायचे नाहीत. प्रेमळ माणसं होती दोघं, पण हट्टी.

आणि ढकलणं. सकाळी ती आपण होऊन सुरू झाली असं क्वचित घडायचं. आईचे गुडघे धड नव्हते, म्हणून आई स्टिअरिंगवर आणि बाबा, मी, धाकटी बहीण मागे. गल्लीच्या उतारावर वेग आला की आई नेमक्या क्षणी क्लच सोडायची आणि इंजिन घुरघुरायचं. आई गाडी सुरू करायला शिकली, चालवायला कधीच नाही.

एकदा असंच ढकलून घामाघूम झाल्यावर आईने विचारलं, कशाला घेतलीत ही अवदसा? बाबांनी सरळ उत्तर दिलं. "दादाला बसवायला."

दादा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आमचे थोरले बाबा. बारवी धरणाच्या वाटेवरच्या एका वाडीत ते राहायचे. थोडी भातशेती आणि बाकी मजुरी. आजोबा लवकर गेले तेव्हा बाबा पाळण्यातून नुकते उतरले होते. बाबांना वाढवलं थोरल्या बाबांनी. बदलापूर गावातल्या शाळेत जायला नाला ओलांडावा लागायचा, आणि पावसात त्याला पाणी आलं की थोरले बाबा धाकट्या भावाला खांद्यावर बसवून पलीकडे न्यायचे. शाळा सुटायच्या वेळी परत त्या काठावर उभे. स्वतः शाळेची पायरी चढले नाहीत. बाबा फिटर झाले, नोकरीला लागले, अंबरनाथला खोली घेतली, ते सगळं त्या खांद्यावरून. बाबांच्या मनात एकच होतं, ज्याने मला खांद्यावर बसवलं त्याला एकदा माझ्या गाडीत बसवायचं. आणि साधीसुधी गाडी त्यांना पुरणार नव्हती. दादासाठी देखणीच हवी.

थोरले बाबा भातकापणी झाल्यावर नवे तांदूळ घेऊन आले, तेव्हा आम्ही नेमकी गाडी ढकलत होतो. त्यांनी गल्लीच्या तोंडाशी पिशवी खाली ठेवली, आमच्यात आले आणि खांदा लावला. गाडी सुरू झाली. बाबांनी धावत जाऊन उजवीकडचं दार उघडलं आणि म्हणाले, दादा, बस. थोरल्या बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. उपरण्याच्या टोकाने दिव्याची काच पुसली. छतावरून हात फिरवला. मग म्हणाले, "लय देखनी हाय," आणि पिशवी उचलून चालत घरी आले.

पुढे हे नेहमीचंच झालं. कधी त्यांचे पाय चिखलाचे असायचे, कधी पोटात डचमळायचं, कधी एसटीचं परतीचं तिकीट आधीच काढलेलं असायचं. गाडीचं कौतुक मात्र भरभरून. वाडीत सगळ्यांना सांगायचे, माझ्या भावाची गाडी बघाल तर बघतच राहाल. एका रविवारी बाबा गाडी घेऊन थेट वाडीवर गेले, आता कुठे पळेल म्हणून. थोरले बाबा निघाले खरे, पण गाडीच्या पुढे चालत. कच्च्या वाटेवरचे दगड उचलून बाजूला टाकत, गाडीचं पोट घासू नये म्हणून. डांबरी रस्ता लागेपर्यंत तसेच पुढे पुढे चालले. तिथे एसटी आली आणि ते तिच्यात चढले.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. मी दादाच्या मनातून उतरलोय, म्हणाले. आईने समजूत घातली की या वयात माणसं घाबरतात, आणि तुमच्या गाडीला तर मीही घाबरते. पण बाबांच्या डोक्यातून ते गेलं नाही. आपण अंबरनाथला येऊन राहिलो, दादा तिथेच राहिला, म्हणून हा राग असेल का, असं ते कितीतरी दिवस स्वतःशी उगाळत राहिले. मला थोरल्या बाबांचाच राग यायचा. एकदा बसले असते तर काय बिघडणार होतं?

मग भीमजयंती आली. बदलापूर गावातल्या वस्तीच्या मिरवणुकीत तसबीर दरवर्षी सजवलेल्या बैलगाडीतून निघायची, आणि ती मांडीवर धरून बसायचा मान वयाने मोठे म्हणून थोरल्या बाबांचा. त्या वर्षी मंडळाच्या पोरांनी ठरवलं, बैलगाडी पुरे, आपल्यातल्याच एका माणसाकडे इटलीची गाडी आहे. ती बाबांना सांगायला आली तेव्हा बाबांनी उभ्या उभ्याच हो म्हटलं. पोरं मग वाडीवर गेली. थोरले बाबा म्हणाले, तसबिरीसाठी बसेन.

बाबांना तेवढं पुष्कळ होतं. माझ्यासाठी नाही, तसबिरीसाठी तर तसबिरीसाठी. त्यांनी खोबरेल लावून स्टिअरिंग चकाकवलं, जुन्या साडीने गाडी पुसली, बॅटरी नवी बसवली, निळी निशाणं लावली. बँकेच्या परीक्षेचा माझा निकाल त्याच आठवड्यात लागला होता आणि मी पास झाले होते, पण घरात चर्चा फक्त गाडीची.

धाकटीची दुसऱ्या दिवशी परीक्षा, म्हणून ती घरीच राहिली. गाडीला दोनच दारं. आई आणि मी पुढची सीट वाकवून मागे शिरलो आणि गुडघे हनुवटीला लावून बसलो. थोरले बाबा पांढरा सदरा, धोतर आणि निळा फेटा बांधून आले. दाराशी क्षणभर थांबले, मग उजवीकडे बसले आणि तसबीर मांडीवर घेतली. उजवीकडे बसलेला माणूस गाडी चालवतो असंच लोकांना वाटणार. पहिल्याच वळणावर एक म्हातारी जयभीम घालून म्हणाली, तात्या, कधी शिकलात हो. थोरले बाबा हसले. बाबांनी मान वळवून भावाकडे पाहिलं. बाबांचा तो चेहरा मला आजही जसाच्या तसा दिसतो. इतके आनंदी ते माझ्या लग्नातही नव्हते.

चूक आमची सगळ्यांचीच झाली. मिरवणुकीत बैलगाडी सोडून दुसरं काही आम्ही आजवर नेलंच नव्हतं. बैल उन्हात कितीही हळू चालले तरी बैलच राहतात. ही गाडी वाऱ्यासारखी पळायला बनवलेली, आणि आम्ही तिला एप्रिलच्या उन्हात लेझमाच्या मागे पाऊल पाऊल चालवत होतो. इंजिनाला वारा लागणार कुठून? अर्धं गाव ओलांडेपर्यंत 'आक्वा'चा काटा लाल रेघेच्या पलीकडे गेला आणि नाकातून वाफ निघू लागली. बाबांनी गाडी बंद केली. पुढचे लेझीमवाले थांबले, मागच्या बायका थांबल्या. पोरं मात्र मजेत होती. चारपाच जण मागे गेले, एकाने बाबांना ओरडून सांगितलं की तुम्ही नुसतं वळवा, आम्ही ढकलतो, आणि गाडी हलली.

थोरले बाबा म्हणाले, थांबव. आवाज मोठा नव्हता, पण बाबांनी ब्रेक दाबला.

"मी उतरतो. मानसं ढकलत्यात त्या गाडीत मी बसनार नाय."

एक पोरगा खिडकीशी येऊन म्हणाला की बाबा, तुम्ही आम्हाला आजोबांसारखे, बसा निवांत. थोरल्या बाबांनी मान हलवली आणि तसबिरीकडे बघतच सांगू लागले. ते आधी त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, धाकट्या भावालाही नाही. त्यांच्या तरुणपणी एक साहेब शिकारीला बारवीच्या डोंगराकडे यायचा. त्याची मोटार नाल्यात रुतली की गावातून माणूस आमच्या वस्तीवर यायचा, आणि असतील तेवढ्या पुरुषांनी जायचं. मोबदला काही नाही, जातीने वाट्याला आलेलं गावकीचं कामच ते. साहेब कधी खाली उतरायचा नाही. त्याच्या वजनासकट मोटार ढकलायची.

"अशीच देखनी व्हती ती बी," थोरले बाबा म्हणाले. "आमचा बापूस मागच्या चाकापाशी व्हता. चाक फिरलं तसा सगला चिखल त्याच्या तोंडावर उडाला. त्यानं पुसला बी नाय, साहेब बघंल म्हनून. मोटार काठाला लागली तवा साहेब आतून बोलला, चला. आमाला नाय बोलला. डायवरला बोलला."

छप्पन साली दीक्षा घेतली आणि वस्तीने ती सगळी कामं सोडली. त्याच दिवशी थोरल्या बाबांनी मनाशी ठरवलं होतं की माणसांना ढकलायला लावणाऱ्या गाडीत आपण बसायचं नाही. आणि मग गल्लीच्या तोंडाशी त्यांनी पहिल्यांदा काय पाहिलं, तर स्वतःचा भाऊ आणि त्याच्या दोन मुली तशीच एक देखणी गाडी ढकलताहेत.

बाबा उतरून दाराशी आले होते. दादा, मला माहीत नव्हतं, एवढंच म्हणाले. तू पाळण्यात होतास, थोरले बाबा म्हणाले, आणि त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन उतरले. मग मला हाक मारली, पुढे ये, तसबीर तू धर. मी घाईघाईने म्हटलं, मी ढकलते, मला सवय आहे.

"आज नको," ते म्हणाले. "त्या साहेबाला ढकलला, त्याचं नाव बी मना ठाव नाय. आता माज्या घरच्या पोरीला ढकलतो. बस तू."

आई स्टिअरिंगवर बसली. मी उजवीकडे बसले आणि तसबीर मांडीवर घेतली. लेझीम सुरू झालं. वरच्या आरशात मला मागचं दिसत होतं. पोरांच्या मधोमध दोन भाऊ खांद्याला खांदा लावून वाकलेले, एकाचा फेटा सुटलेला, आणि दुसरा रडत होता की हसत होता ते कळत नव्हतं. मला बसवत नव्हतं आणि उतरवतही नव्हतं. लाज वाटत होती, आणि इतका अभिमान वाटत होता की छाती दुखली. माझे अश्रू तसबिरीच्या काचेवर पडत होते आणि मी ते ओढणीने पुसत होते. आई पुढे बघत म्हणाली, नीट बस, लोक बघताहेत.

विहारापाशी पोचल्यावर पोरांनी गाडीला बादलीने पाणी पाजलं. वंदना झाली, खीर झाली, ऊन उतरलं. बाबांनी दादाला काहीच विचारलं नाही. त्यांनी ते आता सोडून दिलं होतं. थोरले बाबाच गाडीपाशी आले आणि म्हणाले, आपल्या आपण चालू होते का ही? बाबांनी किल्ली फिरवली. एका झटक्यात सुरू झाली. तिच्या आयुष्यात असं किती वेळा झालं असेल? आई आणि मी भराभर मागे शिरलो, गाडीचं मन बदलायच्या आत. थोरल्या बाबांनी पुढे होऊन, मागे जाऊन पाहिलं. कोणी ढकलत नाही याची खात्री केली आणि बसले.

त्याच वर्षी पावसाळ्याआधी बाबांनी ती विकली. मुंबईचा एक माणूस शूटिंगमध्ये उभी करायला घेऊन गेला, म्हणजे तिला अखेर तिच्याजोगती नोकरी लागली. कुणी विचारलं तर मी सांगते, अशी गाडी बघावी, हात फिरवावा, शेजाऱ्याने घेतली तर फारच उत्तम. पण त्या संध्याकाळी बारवीच्या रस्त्यावर ती जशी चालली तसं दुसरं कुठलंही वाहन मला आठवत नाही. खिडकीतून गार वारा येत होता. इंजिनाचा आवाज एकसारखा, खोल. करवंदांच्या जाळ्या मागे पडत होत्या आणि बाबांनी लाकडी स्टिअरिंग नुसतं एका हाताने धरलं होतं. थोरले बाबा सुरुवातीला ताठ बसले होते. मग त्यांनी पाठ टेकवली. मग फेटा काढून मांडीवर ठेवला. आणि वाडी यायच्या आधीच्या चढावर त्यांची मान एका बाजूला झाली आणि ते झोपले.

वाडी आली. बाबांनी गाडी अगदी हळू थांबवली आणि इंजिन बंद केलं. पुढची माणसं उतरल्याशिवाय मागच्यांना बाहेर पडता येणं शक्य नव्हतं. आईचे गुडघे ठणकत होते. अंगणातून मोठी आई, थोरल्या बाबांची बायको, कंदील घेऊन येताना दिसत होती. आईने बाबांच्या खांद्याला हात लावून कुजबुजत सांगितलं, उठवा त्यांना, मला उतरायचंय.

बाबा भावाकडे बघत होते. हळूच म्हणाले, "थांब जरा. बसू दे त्याला."